चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही: जुन्या गाड्यांच्या मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली आणि पॉइंट, कंडेन्सर, स्लो जेट या गोष्टी हातच्या मळासारख्या जाणणारी कित्येक गॅरेजेही हळूहळू पांगली. घरात जपलेल्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, कॉन्टेसा आणि कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) मारुती ८०० मात्र शहरात अजून आहेत. जाणता मेकॅनिक सहज मिळत नसल्यामुळे निदानाचा पहिला भाग आता मालकालाच करावा लागतो. खालील उत्तरे पेट्रोलवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. सीएनजी, डिझेल आणि इंजेक्शनच्या गाड्यांविषयी प्रश्न १४ ते १६ पाहावेत.

१. चावी काढून हातात घेतली तरी इंजिन धडधडत राहते. ठिणगीच नाही, तर ते चालते कशावर?

चावी बंद केल्यावर फक्त ठिणगी थांबते. कार्ब्युरेटरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत पेट्रोल अडवणारी वेगळी सोय नसते. फ्लायव्हीलच्या गतीमुळे इंजिन आणखी काही फेरे फिरते, पिस्टन खाली जाताना हवा ओढतो आणि त्या हवेबरोबर स्लो जेटमधून, म्हणजे संथ इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक छिद्रातून, पेट्रोलही येते. अशा वेळी सिलिंडरमध्ये कार्बनचा थर, प्लगचे टोक किंवा एक्झॉस्ट वॉल्व्हची कड लालबुंद तापलेली असेल, तर ती ठिणगीचे काम करते. कधी कधी अशा निखाऱ्याचीही गरज पडत नाही, कारण इंजिन अगदी संथ फिरत असताना मिश्रणाला तापलेल्या भिंतींच्या सहवासात भरपूर वेळ मिळतो आणि ते दाबाखाली आपोआप पेटते. गॅरेजमध्ये याला डिझेलिंग किंवा रन-ऑन म्हणतात. यासाठी पेट्रोल-हवेचे मिश्रण आणि उष्णता या दोनच गोष्टी लागतात. पुढील प्रत्येक उपाय या दोहोंपैकी एकीवर घाव घालणारा आहे.

२. हे डिझेलिंगच आहे की वायरिंगमधील दोष, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

सर्व निदानात ही पायरी पहिली आहे आणि नेमकी हीच सर्वाधिक वेळा गाळली जाते. प्रथम कान द्यावा. डिझेलिंगमध्ये इंजिन अडखळत, थरथरत, गाडीला हिसके देत चालते, त्यात ठोकल्याचा आवाज असतो आणि बहुधा काही सेकंदांत ते शेवटचा आचका देऊन थांबते. याउलट चावी बंद केल्यावरही इंजिन जणू काही घडलेच नाही अशा समाधानाने, त्याच लयीत आयडलिंग करीत (उभ्या गाडीत संथ फिरत) राहिले, तर ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलला कुठून तरी वीज मिळते आहे असे समजावे.

कानावर विसंबायचे नसेल, तर इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्यावा. त्याचा चिमटा बॉडीवर उघड्या धातूला लावावा, टोक इग्निशन कॉइलच्या धन टर्मिनलवर टेकवावे आणि दुसऱ्या व्यक्तीला चावी बंद करायला सांगावे. दिवा विझला आणि इंजिन चालूच राहिले, तर दोष उष्णतेचा आहे. दिवा पेटलेलाच राहिला, तर इग्निशन स्विचचे चिकटलेले कॉन्टॅक्ट, नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टीमच्या किंवा सेंट्रल लॉकच्या वायरी किंवा अल्टरनेटर (प्रश्न १३) यांपैकी कोणीतरी वीज उलट पाठवत आहे. टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) जवळ असेल, तर तो प्लगच्या वायरीवर चढवून पाहावा. चावी बंद केल्यावरही तो चमकत असेल, तर ठिणगी चालू आहे. प्लगची किंवा कॉइलची जाड वायर चालू इंजिनावर हाताने उपटून पाहण्याची जुनी सवय मात्र सोडून द्यावी. त्या झटक्याने हात दचकून पंख्यात किंवा पट्ट्यात जाऊ शकतो.

३. त्या क्षणी इंजिन बंद कसे करावे?

गाडी सपाट जागी असावी आणि तिच्या पुढे-मागे कोणी उभे नसावे. हँडब्रेक ओढावा, पायाने ब्रेक घट्ट दाबावा, तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. इंजिन दबून बंद पडते. ही युक्ती दोष विजेचा असला तरी चालते. बॅटरीचे टर्मिनल काढून इंजिन बंद करण्याचा प्रयत्न करू नये. अल्टरनेटर असलेल्या गाडीत त्याने इंजिन बंद पडेलच असे नाही, आणि अल्टरनेटरचे डायोड जळण्याची शक्यता मात्र मोठी असते.

एक साधी सवय उपयोगी पडते. लांबून किंवा ट्रॅफिकमधून आल्यावर लगेच चावी न फिरवता इंजिन अर्धा मिनिट आयडलिंगवर राहू द्यावे, म्हणजे आतली उष्णता थोडी उतरते.

४. दोन-चार सेकंदांनी बंद होतेच, मग दुर्लक्ष केले तर काय बिघडेल?

एखाद्या वेळी झाले तर काही बिघडत नाही. रोज होत असेल तर बिघडते. या अवस्थेत मिश्रण चुकीच्या वेळी, अनेकदा पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच पेटते, आणि तो फटका पिस्टन, बेअरिंग, टायमिंग चेन व इंजिनाचे माउंटिंग यांना सोसावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या आचक्यात इंजिन काही क्षण उलटेही फिरू शकते. तेव्हा ऑइल पंपही उलटा फिरतो, बेअरिंगला ऑइलचा दाब मिळत नाही आणि जळका वायू कार्ब्युरेटरमधून बाहेर फेकला जातो. एअर क्लीनरमधून धूर किंवा फुसका बार येत असेल, तर गाडी वापरणे थांबवून तपासणी करावी.

गिअरमध्ये दाबून बंद करण्याची युक्ती हाताशी आली की बरेच मालक तीच कायमची व्यवस्था म्हणून स्वीकारतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की डिझेलिंग हे इंजिन आतून प्रमाणाबाहेर तापत असल्याचे लक्षण आहे, आणि ते तापणे चावी बंद करण्याच्या क्षणापुरते नसून गाडी चालत असतानाही चालूच असते.

५. मेकॅनिक म्हणतो, कार्बन साचला आहे, हेड उतरवावे लागेल. त्याआधी काय तपासून घ्यावे?

हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवणे ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. माझ्या मते या तक्रारीतील बहुसंख्य गाड्या केवळ ट्यूनिंग नीट केल्याने सुधारतात. अट एवढीच की ते ठरावीक क्रमाने झाले पाहिजे, कारण प्रत्येक मापाचा पुढच्या मापावर परिणाम होतो.

सुरुवात डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) पॉइंटपासून, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या कॉन्टॅक्टपासून, करावी. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते तशी गॅप कमी होत जाते, आणि गॅप कमी झाली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, आपोआप मागे सरकते. टायमिंग मागे गेले की मिश्रण उशिरा जळते, ताकद कमी मिळते आणि एक्झॉस्टची बाजू अधिक तापते. इंजिन आयडलिंगला टिकत नाही म्हणून कोणीतरी आयडल स्क्रू आत फिरवतो, त्याने थ्रॉटल प्लेट (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) गरजेपेक्षा जास्त उघडी राहते आणि चावी बंद केल्यावर इंजिनाला हवा आणि पेट्रोल दोन्ही भरपूर मिळतात. ही साखळी पॉइंटच्या एका केसभर झिजेपासून सुरू झालेली असते. कार्ब्युरेटर मात्र नवा घेतला जातो.

म्हणून आधी फीलर गेजने पॉइंटची गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावी, मग टायमिंग लाइटने टायमिंग, आणि सर्वांत शेवटी, इंजिन पूर्ण गरम असताना, मिक्स्चर व आयडलिंग. जुन्या चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांचे आयडलिंग ७०० ते ९०० आरपीएमच्या दरम्यान असते. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळीही तपासावी, तिच्यातल्या हवेच्या ओढीने टायमिंग पुढे जाते. ती कार्ब्युरेटरच्या बाजूने काढून तोंडाने हलकेच ओढावी. डिस्ट्रिब्यूटरच्या आतली प्लेट सरकली पाहिजे आणि नळीचे तोंड जिभेने बंद ठेवले तर ती तशीच धरून राहिली पाहिजे. प्लेट लगेच परत आली, तर डायाफ्राम फाटला आहे किंवा नळीला चीर आहे.

६. पीयूसी करून आणल्यापासूनच हे सुरू झाले. संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच जास्त येतो. बीएस-२ (भारत स्टेज-२ हे धुराचे मानक) पूर्वीच्या पेट्रोलच्या चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. जुने इंजिन त्यात बसत नसेल, तर मिक्स्चरचा स्क्रू आत घेऊन पेट्रोल कमी केले जाते आणि इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंग वाढवले जाते. पातळ मिश्रण आणि वाढवलेले आयडलिंग ही डिझेलिंगला पोषक जोडी आहे. चाचणीपुरते स्क्रू फिरवून घेण्याऐवजी एअर फिल्टर, फ्लोटची (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची उंची राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी, चोक पूर्ण उघडतो की नाही आणि पॉइंट, या चार गोष्टी आधी नीट करून घ्याव्यात. सुस्थितीतील जुने इंजिन ३ टक्क्यांत बसते.

स्क्रू कोणी हलवला नसताना मिश्रण पातळ झाले असेल, तर कुठून तरी फुकटची हवा शिरते आहे. कार्ब्युरेटरखालचे गॅस्केट, मॅनिफोल्डचे नट आणि ब्रेक बूस्टरची नळी ही नेहमीची ठिकाणे आहेत.

७. एसी बसवल्यानंतर त्रास सुरू झाला, एसी बंद असला तरी होतो. असे का?

मूळ गाडीत एसी नसताना तो नंतर बसवला, की त्याच्या भाराने सिग्नलवर इंजिन बंद पडते. त्यावर सोपा उपाय म्हणून आयडलिंगच कायमचे वाढवून दिले जाते. एसी बंद असताना तेच आयडलिंग फार जास्त ठरते आणि प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे थ्रॉटल उघडी राहते. योग्य उपाय म्हणजे एसी चालू असतानाच थ्रॉटल किंचित उघडणारा व्हॅक्यूमचा आयडल-अप बसवणे.

८. कार्ब्युरेटरवर एक वायर जोडलेली छोटी पितळी डबी आहे. तिचा याच्याशी संबंध आहे का?

ती डबी बहुधा इंधन तोडणारा सोलेनॉइड असते. चावी चालू असताना तिच्यातील सुई मागे ओढली जाते आणि स्लो जेटची वाट मोकळी होते. चावी बंद केली की स्प्रिंग सुईला पुढे ढकलते आणि वाट बंद होते. इंजिन बंद व थंड असताना बोट त्या डबीवर ठेवून दुसऱ्याला चावी चालू-बंद करायला सांगावे. प्रत्येक वेळी ‘टक्’ असा ठोका बोटाला जाणवला पाहिजे.

ठोका जाणवतो तरी डिझेलिंग होते, अशा वेळी सोलेनॉइड काढून आत पाहावे. तो बिघडून इंजिन आयडलिंगला बंद पडू लागले, की नवा घालण्याऐवजी त्याची सुईच कापून टाकण्याची पद्धत अनेक गॅरेजांत रूढ आहे. आयडलिंग त्याने सुधारते, पण चावी बंद केल्यावर पेट्रोल अडवायला कोणी उरत नाही. सेकंड-हँड गाडी घेतली असेल तर ही शक्यता आवर्जून पाहावी.

९. प्लग नवे घातले तरी फरक नाही. प्लगचा दोष नाही असे समजावे का?

नवे म्हणजे योग्य असे नव्हे. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तरच त्यावरची काजळी जळते, आणि ८५० ते ९०० अंशांच्या पुढे गेले तर ते स्वतःच मिश्रण पेटवू लागते. उष्णता बाहेर टाकण्याची प्लगची क्षमता त्याच्या क्रमांकात दिलेली असते, आणि येथे गोंधळ होतो, कारण एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. दुकानदाराने ‘हाच बसेल’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग दिला असेल, तर आटे जुळतात पण उष्णतेचा क्रमांक चुकतो.

काढलेला प्लग उजेडात पाहावा. टोकाभोवतीचे चिनीमातीचे नाक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरेफटक, फोड आल्यासारखे आणि इलेक्ट्रोडच्या कडा वितळून गोल झालेल्या असतील, तर प्लग गरम पडतो आहे किंवा मिश्रण पातळ आहे.

१०. गाडी आठवड्यातून एकदा दादर ते माहीम एवढीच चालते. कार्बन साचला असेल का, आणि लांब फेरीने तो जळतो का?

अशा वापरात कार्बन साचणारच. इंजिन पूर्ण तापण्याआधीच बंद होते, चोक वारंवार वापरला जातो आणि अर्धवट जळलेले पेट्रोल पिस्टनच्या डोक्यावर थर धरते. दीड-दोन तास मोकळ्या रस्त्यावर, इंजिनावर बऱ्यापैकी भार ठेवून गाडी चालवल्यास मऊ काजळी पुष्कळशी जळून जाते. लोणावळ्यापर्यंतचा जुना रस्ता त्यासाठी चांगला आहे, मात्र बोर घाट चढण्यापूर्वी रेडिएटर आणि पंख्याचा पट्टा तपासलेला असावा. ऑइल जळून झालेला कडक थर असा जात नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येत असेल, तर वॉल्व्हच्या सीलमधून ऑइल उतरते आहे. सील बदलल्याशिवाय हेड साफ केले, तर थर पुन्हा जमेल. कार्ब्युरेटरमधून पाणी शिंपडून कार्बन काढण्याचा प्रयोग सुचवला जातो, पण पाणी थोडे जास्त गेले तरी कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

११. फक्त एप्रिल-मेमध्ये आणि फक्त ट्रॅफिकमधून आल्यावर होते. मग ट्यूनिंग ठीक आहे ना?

ट्यूनिंग काठावर आहे आणि कूलिंग कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा. टँकरचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये भरले जात असेल, तर हेडभोवतीच्या पोकळीत क्षार बसतात आणि तापमानाचा काटा मध्यावर असतानाही एक्झॉस्ट वॉल्व्हजवळची जागा तापते. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणे हा येथील आवडता उपाय आहे, पण ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, त्यांत तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत फिरते आणि इंजिन अधिकच तापते. चांगला थर्मोस्टॅट आणि योग्य प्रमाणातील कूलंट यांना पर्याय नाही.

१२. इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे होते का? महागडे पेट्रोल भरावे का?

इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली आपोआप न पेटण्याची क्षमता) पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे मिश्रण आपोआप पेटण्याची प्रवृत्ती त्याने वाढत नाही. अडचण दुसऱ्या बाजूने येते. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. आता पंपावर सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुना जेट तेवढेच द्रव सोडतो, म्हणजे मिश्रण पातळ होते, आणि त्या जुन्या कार्ब्युरेटरला ते आपोआप सुधारता येत नाही. म्हणून मिक्स्चर आजच्या पेट्रोलवर नव्याने लावून घ्यावे आणि रबरी नळ्या व पंपाचा डायाफ्राम इथेनॉल सोसणारे घालावेत.

९५ किंवा १०० ऑक्टेनची एक टाकी भरून पाहणे ही चाचणी म्हणून चांगली आहे. डिझेलिंग स्पष्ट कमी झाले, तर इंजिन आपोआप पेटण्याच्या उंबरठ्यावर आहे हे कळते. कारण मात्र तसेच राहते आणि ते प्रश्न ५ च्या क्रमाने शोधावे लागते. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीतील पेट्रोल इथेनॉलमुळे ओलावा धरते, तेव्हा ते काढून ताजे भरल्याशिवाय कोणतेही निदान करू नये.

१३. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवल्यापासून चावी बंद केली तरी गाडी मजेत चालू राहते. काय झाले असेल?

अल्टरनेटर चार्जिंगच्या लाल दिव्याच्या वायरीतून इग्निशनच्या वायरीत उलट वीज पाठवतो आहे. मूळ वायरिंग तशीच ठेवून अल्टरनेटर जोडल्यास असे होते. दिव्याच्या वायरीत योग्य दिशेने एक डायोड घातला की दोष जातो. लॅमिंग्टन रोडवर असा डायोड काही रुपयांत मिळतो. दिवा पेटून विझतो आहे ना, हे नंतर पाहून घ्यावे.

१४. गाडी सीएनजीवर आहे. तीही बंद केल्यावर चालू राहते.

येथे ट्यूनिंगपेक्षा सुरक्षेचा विचार आधी करावा. गॅसवर चालताना फ्लोटच्या भांड्यात पेट्रोल नसते, तेव्हा इंजिन चालू राहिले याचा अर्थ एकतर विजेचा दोष आहे (प्रश्न २) किंवा गॅस तोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. गॅसचा वास येत असेल, तर सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह बंद करावा, गाडीची दारे उघडी ठेवावीत, पुन्हा स्टार्टर मारू नये आणि अधिकृत किट केंद्राकडूनच दुरुस्ती करून घ्यावी. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो चाचणीही त्याच वेळी तपासावी.

पेट्रोलवर चालवतानाच डिझेलिंग होते, गॅसवर होत नाही, अशी तक्रार असेल, तर टायमिंग गॅससाठी पुढे नेऊन ठेवलेले असण्याची शक्यता आहे. ते पेट्रोलला मानवत नाही.

१५. जुन्या डिझेल गाडीचे काय?

डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, ते डिझेलचा पुरवठा तोडून बंद होते. स्टॉप केबल अडकली किंवा पंपावरचा सोलेनॉइड बिघडला, तर इंजिन शांतपणे चालू राहते आणि दुरुस्ती सोपी असते. मात्र चावी बंद केल्यावर इंजिनाचा वेग आपोआप वाढत गेला, तर ते स्वतःचे ऑइल जाळत आहे. गाडीत असाल तर ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून बंद करावे. तसे जमले नाही, तर हवेच्या पाइपचे तोंड जाड फळीने बंद करावे, हाताने किंवा सैल कापडाने नव्हे. आटोक्यात येत नसेल, तर सर्वांना घेऊन दूर व्हावे.

१६. माझी गाडी इंजेक्शनची आहे. बंद केल्यावर पुढून घर्र आवाज येत राहतो.

तो बहुधा रेडिएटरचा पंखा असतो आणि त्याने चालणे अपेक्षितच आहे. इंजेक्शनच्या गाडीत चावी बंद केली की इंजेक्टरही बंद होतात, त्यामुळे खरे डिझेलिंग जवळजवळ होत नाही. इंजिनच चालू राहत असेल, तर रिले किंवा इग्निशन स्विच तपासावा.

१७. सर्व मापे बरोबर आहेत, कूलिंग ठीक आहे, कार्बन काढला आहे, तरीही डिझेलिंग थांबत नाही. आता काय?

हेड पूर्वी किती वेळा घासले गेले, हे विचारावे. गॅस्केट उडाले की हेडची पातळी करण्यासाठी ते घासतात. असे दोन-तीनदा झाले, की वरची पोकळी लहान होते, कॉम्प्रेशन वाढते आणि काटेकोर ट्यूनिंग असूनही मिश्रण आपोआप पेटते. कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर मोजावेत. सर्व आकडे पुस्तिकेपेक्षा सारखेच वाढलेले असतील, तर जाड हेड गॅस्केट हा उपाय आहे. एकच सिलिंडर वेगळा असेल, तर त्याचा वॉल्व्ह आणि पोकळीच्या कडा पाहाव्यात, कारण घासल्यानंतर राहिलेली धारदार कड लवकर लाल होते आणि ती बारीक पॉलिश पेपरने मोडून घ्यावी लागते. गॅस्केट शोधायला ऑपेरा हाउसच्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाताना जुने गॅस्केट सोबत न्यावे आणि त्याची जाडी कॅलिपरने मोजून घ्यावी.